करुण रसाची शिकवणी

संध्याकाळचा गिरणीचा भोंगा झाला की ह्यांची शिकवणी सुरू होई. मॅट्रिकला बसणारी मुलं पुढच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसत आणि हे खुर्चीवर. पेठेतलं आमचं भाड्याचं घर म्हणजे एकामागं एक अशा तीन खोल्या होत्या. पुढं शिकवणी, मागं चूल, आणि मधल्या खोलीत आत्याबाईंची बाज. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणायची रीत. पुढच्या आणि मधल्या खोलीच्या मध्ये एक दार होतं, त्याला ह्यांनी आपल्या बाजूनं कडी घालून ठेवली होती. दाराच्या फळ्यांना फटी होत्या. वास पुढं जाऊ नये म्हणून ह्यांनी त्या फटींत कागदाचे बोळे कोंबले होते. आवाज मात्र आत यायचा तो येतच होता.

"संविधानक म्हणजे काय?" हे विचारीत.

"गोष्टीतील घटनांची कार्यकारणाच्या धाग्याने केलेली गुंफण म्हणजे संविधानक," मुलं एका सुरात म्हणत.

"पात्राचा स्वभाव कशातून कळतो?"

"त्याच्या कृतीतून, त्याच्या बोलण्यातून, आणि इतर पात्रे त्याच्याविषयी जे बोलतात त्यातून."

मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पण रोज कानावर पडून ते सगळं मलाही पाठ झालं. स्थळ, काळ, वातावरण, निवेदन, उपमा, उत्प्रेक्षा, कलाटणी, उत्कर्षबिंदू. मी आत्याबाईंना कुशीवर वळवत असायची आणि पलीकडे मुलं उत्कर्षबिंदूची व्याख्या म्हणत असायची. आजही यातला एखादा शब्द कुठं वाचला की माझ्या नाकात गुलाबाच्या अत्तराचा वास भरतो आणि मळमळायला लागतं. ते कसं, तेच इथं लिहून ठेवते. बोलून कधी सांगता आलं नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हाही फुटत नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात आत्याबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं कांबट्या बांधल्या, लेप दिला, पण हाड काही सांधलं नाही. तेव्हापासून त्या बाजेवरच होत्या. बाजेवरचं माणूस म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, आणि खाली निजलेली बाई जिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. पडून पडून त्यांच्या पाठीला आणि माकडहाडापाशी जखमा झाल्या. आधी लाल, मग काळ्या, मग उघड्या. कडुलिंबाच्या पाल्याच्या उकळलेल्या पाण्यानं धुवायच्या, कापूर घातलेलं खोबरेल लावायचं, जुनेराच्या घड्या बदलायच्या, बाजेखाली राख पसरायची आणि ओली राख भरून टाकून यायची. माश्या तर हाकलून हात दुखत.

सुरुवातीला मला किळस आली नाही असं कसं म्हणू? पहिले काही दिवस मी परसात जाऊन ओकत असे आणि तोंड धुऊन परत येत असे. आत्याबाईंना ते कळायचं.

"पोरी, सुपारीचं खांड ठेव तोंडात," त्या म्हणायच्या. "मीच आता मला वास मारतीया, तुला न्हाय मारायचा व्हय?"

मग एक दिवस लक्षात आलं की आज आपण ओकलो नाही. त्यानंतर त्या वासाचं काही वाटेनासं झालं. लहान पोराच्या दुपट्याचं आईला वाटत नाही, तसं.

ह्यांचं मात्र तसं झालं नाही, कारण हे त्या खोलीत पाऊलच टाकत नव्हते. शाळेतून आले की पुढच्या दारानं पुढच्या खोलीत यायचे. पण चूल मागं. जेवायला यायचं तर मधल्या खोलीतून यावं लागणार. त्यावर ह्यांनी वाट काढली. पुढच्या दारानं बाहेर पडायचं, घराला वळसा घालून बाजूच्या बोळातून मागच्या दाराशी यायचं, जेवायचं, आणि त्याच वाटेनं परत जायचं. त्या बोळात साऱ्या आळीचं उघडं गटार वाहत होतं. पावसाळ्यात गटार आणि वाट एकच व्हायची. हे एका हातात धोतर उचलून धरून दगडांवरून पाय टाकत येत. गटार ह्यांना चालत होतं. आई चालत नव्हती.

आत्याबाईंना दोन्ही बाजूंनी ऐकू यायचं. बाजेवर पडलेल्या माणसाचे कान फार तिखट होतात.

"इकडनं बोलतोय, तिकडनं जेवतोय, अन् मधनं जातच न्हाय की ह्यो!" त्या एकदा म्हणाल्या आणि हसल्या. "माझ्या पोटात व्हता तवा बी असाच. कवा ह्या कुशीत, कवा त्या कुशीत."

मीही हसले. पण हसता हसता त्यांनी माझा हात धरला. "त्याला म्हण की, एकदा येऊन बस. माझ्याजवळ. लई न्हाय, पानी पिऊन हुईस्तवर. तोंड बघू दे. मग मी जाते."

त्यांचं मागणं एवढंच होतं. औषध मागितलं नाही, गोडधोड मागितलं नाही. सासरे वारल्यावर हातमागवाल्यांच्या घरी कांड्या भरून भरून या बाईनं मुलगा शिकवला होता. अजूनही झोपेत तिची बोटं सूत गुंडाळल्यासारखी हलायची. त्या मुलानं येऊन घडीभर बाजेच्या कडेला बसावं, एवढंच तिला हवं होतं.

मी जेवण वाढताना खाली बघत म्हणाले, "आत्याबाई बोलावतात. थोडं बसा म्हणतात."

ह्यांनी घास खाली ठेवला. डोळे मिटले. "मला ते बघवत नाही," हे म्हणाले. "तुला नाही कळायचं. तुमची मनं घट्ट असतात. लिहिणाऱ्या माणसाचं मन फार कोमल असतं."

मग घास उचलला आणि वांग्याची भाजी आणखी मागितली.

श्रावणाच्या तोंडाशी शिकवणीत रसांचा पाठ आला. नऊ रस, त्यांची नावं, त्यांची उदाहरणं. मुलं घोकू लागली. बीभत्स रसाचं उदाहरण म्हणून ह्यांनी स्मशान सांगितलं, कोल्ही सांगितली, हाडं आणि आतडी सांगितली, आणि मग म्हणाले, "परंतु सभ्य लेखकाने किळसवाणे जसेच्या तसे लिहू नये. त्यास उपमेचा शेला पांघरावा. जखम लिहावयाची झाली तर ती उमललेल्या जास्वंदीसारखी दिसली असे लिहावे."

मी त्या वेळी चिमट्यानं जखमेतला किडा काढत होते.

हो, किडा. हे वाचून कुणाला किळस येणार असेल तर येऊ दे. मी त्याला जास्वंद म्हणणार नाही.

मग करुण रस आला. ह्यांचा आवाज एकदम खाली गेला. "करुणाचे उदाहरण शोधावयास तुम्हांस पुस्तकात जावयास नको. या भिंतीपलीकडे," हे म्हणाले आणि थांबले. खुर्ची करकरली. "या भिंतीपलीकडे माझी जननी शरपंजरी पडली आहे. जिने मला सूत कातून मोठे केले, ती..."

पुढं ह्यांना बोलवेना. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग मुलांपैकी कुणी कुणी नाक ओढू लागलं. सूत काततच नव्हत्या त्या, कांड्या भरायच्या. पण सूत कातणं त्या खादीच्या दिवसांत मानाचं होतं, ते ऐकायला बरं दिसायचं.

लहानपणी हे त्यांना 'आये' म्हणत. शाळेत नोकरी लागल्यावर 'आई' म्हणू लागले. शिकवणीत 'जननी' झाली. जितकं नाव चढत गेलं तितका माणूस लांब गेला.

आत्याबाई मान वळवून दाराकडे बघत होत्या. "रडतोय व्हय त्यो?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"हो."

"मग दार उघड म्हनावं की. हितं येऊन रड."

दारावर थाप मारायला हात उचलला होता, पण पलीकडे इतकी परकी मुलं बसलेली. हात तसाच खाली आला. पलीकडे ह्यांनी डोळे पुसले असावेत, कारण लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता लिहून घ्या. स्थायीभाव, शोक."

जखमा धुताना येईनाशी झालेली ओकारी आता आली. मी परसात गेले आणि ओकले. इतक्या दिवसांनी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ह्यांची एक गोष्ट मासिकात छापून आली. पेढे आणले, मुलांना वाटले, मासिकाचा अंक मागच्या दारानं आणून माझ्यापुढं ठेवला. "वाच," म्हणाले. "आईवर लिहिलं आहे. गोष्ट तंत्रशुद्ध साधली आहे." अंगावर धुवट सदरा, कानात गुलाबाच्या अत्तराचा फाया. मधल्या खोलीच्या वासावर उपाय म्हणून ह्यांनी अलीकडे फाया घालायला सुरुवात केली होती. चुलीपाशी सुद्धा भाकरीच्या वासावर तो वास बसायचा आणि भाकरी गिळवेनाशी व्हायची.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"माझ्यावर लिवलंय? कागदात?"

"हो. छापून आलंय."

"मग वाच की मला. थांब, अशी न्हाय. डब्यातनं तांदूळ आन. हळदकुंकू लाव त्यास्नी."

श्रावणात व्रताची कहाणी ऐकायची तर मुठीत अक्षता घेऊन ऐकायची, मधे हूं म्हणायचं, आणि संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, हे सगळ्याच बायकांना ठाऊक असतं. आत्याबाईंच्या माहेरी, बार्शीकडच्या त्यांच्या गावात, त्यात एक भर होती. ज्याच्यासाठी कहाणी ऐकायची त्याच्या डोक्यावर शेवटी त्या अक्षता टाकायच्या. त्यांनी आयुष्यात गोष्ट ऐकली ती फक्त अशीच. मासिकातली गोष्ट निराळी असते, ती रेल्वेत बसून शेंगा खात वाचतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. तांदूळ आणले, हळदकुंकू लावलं, त्यांच्या उजव्या मुठीत दिले. केस विंचरून दिले. त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला.

दुपार होती. शेजारच्या हातमागाची खटखट चालली होती. मी वाचू लागले.

गोष्टीत एक मुलगा होता आणि त्याची आजारी माता. मुलगा रात्रंदिवस मातेच्या उशाशी बसून होता. तो तिचे पाय आसवांनी धूत होता. तिच्या जखमा स्वतःच्या हातांनी पुशीत होता, आणि त्या जखमा त्याला उमललेल्या जास्वंदीसारख्या दिसत होत्या.

"हूं," आत्याबाई म्हणत होत्या. "हूं."

मग त्या मुलाची बायको आली. ती नाकाला रुमाल लावून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, मला बाई किळस येते, हिला कुठंतरी पोचवा. मुलानं तिच्याकडे तिरस्कारानं पाहिलं. मला लगेच कळलं हे काय आहे ते. शिकवणीत ऐकलं होतं. चांगल्या पात्राशेजारी वाईट पात्र ठेवावे, म्हणजे विरोधाने चांगले उठून दिसते.

मी थांबले. माझ्या बोटांना त्या वेळी कडुलिंबाचा वास होता आणि नखांत राख होती.

"ही कोन बाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"गोष्टीतली सून."

"तू न्हवं?"

"गोष्टीतली."

त्या बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिल्या. एक माशी त्यांच्या कपाळावर बसली, ती मी उडवली.

"सून गोष्टीतली," त्या हळू म्हणाल्या. "मंजी ल्योक बी गोष्टीतलाच की मग."

मी पान उलटलं. शेवटी माता मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून, समाधानानं हसून प्राण सोडते. ते मी वाचलं. आत्याबाई हूं म्हणाल्या नाहीत. पण मूठ घट्ट होती. संपलं तसं त्या म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"मग बलाव त्याला. अक्षता टाकायच्या हायत. त्या बिगर मूठ उघडता येत न्हाय. आता तरी येईल की. रीतच हाय."

ह्यांना शाळेतून यायला वेळ होता. त्या तशाच पडून राहिल्या. पाणी पाजू लागले तर डाव्या हातानं पेला धरला. कूस बदलताना उजवी मूठ छातीशी धरून ठेवली. संध्याकाळी भोंगा झाला, मुलं आली, मासिकातल्या गोष्टीचा अभ्यास सुरू झाला. "आता या गोष्टीचा उत्कर्षबिंदू कोठे आहे?" हे विचारत होते.

मी दारावर थाप मारली.

पलीकडे एकदम शांत झालं. मी पुन्हा मारली. पदर मी इतका पुढं ओढला होता की मला माझे पायच दिसत होते. परक्या पुरुषांच्या समोर मी कधी उभी राहिले नव्हते. कडी निघाली. कागदाचे बोळे खाली पडले. दारात हे, आणि ह्यांच्यामागं सतरंजीवर सगळी मुलं, माना उंच करून बघणारी.

"आत्याबाई बोलावतात," मी म्हणाले.

मुलांच्या समोर नाही म्हणता येईना. ह्यांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. एक पाऊल पुढं टाकलं ते उंबऱ्यावर. उंबऱ्याच्या अलीकडे नाही. अत्तराचा भपकारा आत आला आणि कापराच्या, राखेच्या वासावर असा बसला की तिथं पहिल्यांदाच काहीतरी सडल्यासारखं वाटलं.

"आलास व्हय," आत्याबाई म्हणाल्या. मान उचलायचा प्रयत्न केला. "ये. असा जवळ ये. जरा वाक. डोक्यावर अक्षता टाकते."

"कसल्या अक्षता, आई?"

"तुजी गोष्ट ऐकली न्हवं का. ये, वाक की बाळा."

हे उंबऱ्यावरून बाजेकडे बघत होते. नव्हे, बघतही नव्हते, बाजेच्या पायाकडे नजर होती. मला वाटलं, आता येतील. तीन पावलं टाकली की झालं. मुलांसाठी का होईना, येतील.

रुमालातून आवाज आला, "तिथूनच टाक, आई. मला पोचलं."

आत्याबाईंनी हात उचलला. दुपारपासून आवळलेली मूठ, बोटं लवकर सुटेनात. मग सुटली आणि त्यांनी टाकलं. अंगात बळ ते किती. तांदूळ बाजेच्या कडेलाच सांडले, थोडे फरशीवर, बरेचसे खाली पसरलेल्या राखेत. ह्यांच्यापर्यंत एक दाणा गेला नाही.

हे वळले. दार ओढून घेतलं. कडी बसली. आणि पलीकडून तोच, खाली गेलेला, भरून आलेला आवाज ऐकू आला, "पाहिलंत? हा प्रसंग लिहिण्यासारखा आहे."

एकाही मुलानं या वेळी नाक ओढलं नाही. सतरंजीवर कुणीतरी चुळबुळलं, एवढंच.

"पायाखाली येतील," आत्याबाई म्हणाल्या. "उचल. तुळशीत घाल." मी राखेतून दाणे वेचू लागले. काही ओल्या राखेत रुतले होते ते निघाले नाहीत. त्यांचा तळहात पिवळालाल झाला होता. मी ओल्या फडक्यानं पुसला, रंग पुरता गेला नाही.

मग मी उठले, मागच्या खोलीत गेले आणि परसाच्या दाराला आतून कडी घातली. आडणाही सारला. विचार करून केलं असं नाही. अजून एकदा गटारातून येऊन, पाटावर बसून, हे भाजी मागणार आणि मी वाढणार, एवढं एक मला होईना.

आडण्याचा आवाज आत्याबाईंना बरोबर कळला.

"मागचं दार लावलंस?"

"हो."

"मग जेवाया मधनंच यावं लागंल त्याला."

"हो."

डावा हात वर करून त्यांनी सुटलेला पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मी बाजेखालची राख बदलली, उदबत्ती लावली, बाजेजवळ एक पाट मांडला.

शिकवणी सुटली. मुलं गेली. पुढचं दार वाजलं, वहाणा बोळात उतरल्या, दगडांवरून टपटप करत घराच्या कडेनं मागं आल्या. मागचं दार हललं. पुन्हा हललं.

"अगं," बाहेरून आवाज आला. "कडी काढ."

माझा आवाज कसा निघाला कोण जाणे. "मधून या. पान वाढलंय."

बाहेरून फक्त गटाराचं पाणी ऐकू येत होतं. आत्याबाई डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मग वहाणा वळल्या. बोळातून पुढं गेल्या. पुढच्या दाराशी थांबतील म्हणून आम्ही दोघी ऐकत राहिलो. त्या पुढच्या दाराशी थांबल्या नाहीत. रस्त्यावर गेल्या, चौकातल्या खानावळीच्या दिशेनं, लांब लांब होत ऐकू येईनाशा झाल्या.

"गेला," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी ह्यांचं नाव काढलं नाही. आत्याबाई वारेपर्यंत हे खानावळीतच जेवत होते, आणि शिकवणीतल्या मुलांना सांगत होते म्हणे, की आईच्या दुःखानं घरचं अन्न गोड लागत नाही.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि बाजेजवळच्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवलं.

"तू बस तितं," म्हणाल्या. "तुजं पान घेऊन ये. माझ्याजवळ बसून जेव."

मी पान आणलं आणि तिथं बसून जेवले. दाराच्या फटीतून अजून अत्तराचा वास येत होता. मी पदर नाकाला लावला, आणि त्या म्हणाल्या, "व्हय, मला बी येतोय त्यो."